अकरा सूचना आणि दोन व्याही

चष्मेकाकांची लेक लग्न ठरवून घरी येणार होती. सोबत होणारा नवरा आणि होणारा सासरा. लेक पाच वर्षं पश्चिमेकडे, साता समुद्रापार नोकरीला होती आणि नवरा तिथलाच, त्यामुळे सासराही ओघाने तिथलाच.

तिला नवऱ्याची काळजी नव्हती, सासऱ्याचीही नव्हती. काळजी होती ती बापाची. चौकातल्या दुकानात काका अठ्ठावीस वर्षं चष्मे विकत होते. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की नंबर सापडायच्या आधी त्याचं वय, त्याची साखर आणि त्याच्या सुनेचा स्वभाव काकांना ठाऊक झालेला असे. रस्त्यात कुणाचा चष्मा वाकडा दिसला, तर ते ओळख नसतानाही तो नाकावरून उचलत, दांडी वाकवत आणि परत बसवून देत.

येण्याच्या आठवडाभर आधी लेकीचा फोन आला.

"बाबा, अकरा सूचना आहेत. लिहून घ्या."

"लिहायचं कशाला? राहतील लक्षात."

"लिहून घ्या! जेवताना एकदाच विचारायचं. नको म्हणाले की नको. आग्रह त्यांना छळ वाटतो."

"आणि खरंच हवं असलं तर?"

"तर ते मागतील."

"पाहुणा मागेल?" काकांचं पेनच थांबलं.

"वय, पगार, आजार काही विचारायचं नाही. अंगाला हात लावायचा नाही. हातभर लांब उभं राहायचं."

"मग बोलायचं तरी काय?"

"हवामान."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन पडलं होतं. हा विषय दोन मिनिटांच्या वर टिकेल असं काही त्यांना वाटेना.

इकडे काका पाठांतर करत होते, तेव्हा तिकडे होणारा जावई आपल्या बापाला शिकवत होता. बाप एकतीस वर्षं शहर बस चालवून निवृत्त झालेला, एकटा राहणारा, मोजकं बोलणारा माणूस. वर्षभर होणाऱ्या सुनेकडून तो मराठी शिकला होता, तीही अशी नेटाने की शेवटी तीच कंटाळली. मुलाने सांगितलेल्या सूचना त्याने अभ्यास म्हणून मराठीतच वहीत उतरवल्या, मोठ्या अक्षरांत. 'जेवताना दोनदा नको म्हणावे. तिसऱ्यांदा घ्यावे. लगेच हो म्हणणे हावरटपणा. सगळ्यांची खासगी चौकशी करावी, ते त्यांना प्रेम वाटते. भेटताच मिठी मारावी.'

एकाच्या तयारीचा दुसऱ्याला पत्ता नव्हता. मुलांनाही नव्हता, कारण आपल्या बापाला आपण शिकवणी लावली आहे हे सांगणार कोण?

ठरल्या दिवशी सकाळी अकराला दारावरची बेल वाजली. काकांनी दार उघडलं, हातभर अंतर मोजलं आणि हात पुढे केला. ड्रायव्हर दोन्ही हात पसरून धावत आला. काकांचा पुढे केलेला हात त्याच्या पोटात रुतला.

"व्याहीबुवा!" काकांना कवटाळत तो ओरडला. "आपले वय किती? दात खरे आहेत का?"

काकांच्या ओठांवर बासष्ट आलं होतं, अक्कलदाढेची सगळी कहाणीही आली होती. त्यांनी ती गिळली.

"आज हवा छान आहे," ते म्हणाले.

"रक्तदाब?"

"थोडे ढग आहेत, पण पाऊस नाही यायचा."

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. इतकं प्रेम ओतलं तरी माणूस विरघळेना! काकांना वाटलं, किती भोचक आहे हा! आणि नेमकं याच्याशीच आपल्याला बोलायला बंदी. त्यातून ड्रायव्हरचा चष्मा डावीकडे बोटभर खाली आलेला. काकांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.

मुलं मात्र खुशीत होती. आपला बाप काय छान वागतोय, असं दोघांनाही वाटत होतं.

जेवायला बसले. काकू पहाटेपासून राबत होत्या. ड्रायव्हरला मुलाने बजावलं होतं की पोट फुटेस्तोवर वाढतील, म्हणून तो आदल्या संध्याकाळपासून उपाशी होता. पहिल्या वाढपाचा त्याने चार घासांत फडशा पाडला. काकू भाताचं पातेलं घेऊन आल्या.

"वाढू?"

"नको," ड्रायव्हर लाजून म्हणाला आणि वाट पाहू लागला.

काकूंचा डाव तर खाली झुकलाच होता. काकांनी मान हलवली. पातेलं परत गेलं. ड्रायव्हर त्याच्याकडे असा पाहत राहिला, जणू शेवटची बस निघून गेली. भाजी आली, नको म्हटल्याबरोबर गेली. गोड आलं, तेही गेलं. पाहुण्याने हात धुतल्यावर आपण खात बसायचं नाही, ही सूचना नववी. म्हणून काकाही अर्धपोटी उठले. एवढा स्वयंपाक तसाच उरलेला पाहून काकूंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

दुपारी मुलं लग्नाच्या नोंदणीचे कागद घेऊन कचेरीत गेली. काकू रागाने जाऊन झोपल्या. ड्रायव्हर म्हणाला, "मी जरा फिरून येतो." तिकडच्या लोकांना एकांत आवडतो हे काकांनी लिहून घेतलं होतं, त्यामुळे सोबत जायचा प्रश्न नव्हता. तो गेल्यावर काकांनी पाच मिनिटं कशीबशी काढली आणि मागच्या दाराने सटकले. पोटात कावळे कोकलत होते.

चौकातल्या खाणावळीत कोपऱ्यातल्या टेबलावर ड्रायव्हर बसला होता. समोर दोन ताटं, दोन्ही त्याचीच. त्याने वर पाहिलं आणि घास तसाच गालात राहिला.

"तुम्ही नको म्हणालात!" काका ओरडले.

"एकदाच!" ड्रायव्हर त्याहून मोठ्याने ओरडला. "दुसऱ्यांदा कोणी विचारलेच नाही!"

"विचारायचं नव्हतं! लेकीने सांगितलं होतं!"

"मला मुलाने सांगितले होते!"

ड्रायव्हरने खिशातून वही काढली, काकांनी कागद. दोघांनी अदलाबदल केली. वाचता वाचता काकांना आधी घाम फुटला, मग हसू फुटलं. "'दात विचारावेत'? हे कुठून काढलं?"

"ते माझे स्वतःचे," ड्रायव्हर म्हणाला.

मग दोघेही सातव्या सूचनेवर येऊन थबकले. दोन्हीकडे ती एकच होती, शब्द तेवढे वेगळे. बाबा, कृपा करून मोठ्याने हसू नका.

त्यानंतर खाणावळीत जे झालं, त्याला हसणं म्हणावं की भूकंप, कुणास ठाऊक. काका टेबलावर थापा मारत होते, ड्रायव्हर खुर्चीसकट मागे रेलत होता, आणि वाढपी पाण्याचा जग घेऊन नुसताच उभा. हसता हसता ड्रायव्हरचा चष्मा आणखी घसरला. काकांनी तो सरळ त्याच्या नाकावरून काढला, दांडी वाकवली, स्वतःच्या सदऱ्याने काचा पुसल्या आणि परत बसवला.

"अहा!" ड्रायव्हर म्हणाला. "तुमचा चेहरा इतका जाडजूड आहे होय!"

"आणि माझं वय बासष्ट," काका खुर्ची ओढत म्हणाले. "रक्तदाब आहे. डावीकडचे दोन दात खोटे. आता तुमचं सांगा."

ड्रायव्हरने दुसरं ताट त्यांच्याकडे सरकवलं आणि आपल्या गुडघ्यांपासून सुरुवात केली.

रात्रीच्या जेवणाला मुलांनी डोक्याला हात लावले. काका व्याह्याच्या मांडीला मांडी लावून बसले होते आणि एकेक घास शपथा घालून भरवत होते. ड्रायव्हर ताटावर आडवे हात धरून "नको! नको!" असं गर्जत होता आणि तिसऱ्या नकोला हात काढून घेत होता. लेक "बाबा!" म्हणाली, तिचा होणारा नवरा त्याच्या भाषेत "बाबा!" म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही. काकूंचा चेहरा असा फुलला होता की त्या चौथ्यांदा वाढायला आल्या ते पातेलंच घेऊन तिथे बसल्या.

"मी एक विचारू का?" त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "तुमचा मुलगा म्हणतो, त्याला सगळा स्वयंपाक येतो. खरं सांगा."

ड्रायव्हरने मुलाकडे पाहिलं. मुलगा टेबलाखालून खुणा करत होता.

"अंडे उकडतो," ड्रायव्हर म्हणाला. "तेही कच्चे राहते."

लेक खुर्चीतच गरकन वळली. "मला तर म्हणाला होतास, रोज रात्री तूच करतोस म्हणून!"

"गरम करतो," जावई पुटपुटला.

"उद्या सकाळी सातला स्वयंपाकघरात यायचं," काकूंनी डाव त्याच्यावर रोखून फर्मावलं. "कांदा चिरण्यापासून सुरुवात. आणि हे तीनदा विचारायचं नाहीये हं, जावईबापू. हे एकदाच सांगायचं आहे."