मांडीवरचं कवच

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलं भिंतीला सरकवली होती, खुर्च्या कमी पडल्या म्हणून माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसली होती. समोर करड्या सुटातले एक गृहस्थ उभे होते. सगळे त्यांना तरंगसर म्हणत. आणि बघणारे कोण, तर झाडून सगळे इंजिनिअर! दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढून पगार घेणारी ही मंडळी इथे आ वासून बसली होती.

तरंगसरांनी मॅनेजरसाहेबांना पुढे बोलावलं होतं. "एका हाताने लॅपटॉप पोटाशी धरा. दुसरा हात खांद्याच्या रेषेत सरळ. वायफाय चालू आहे ना? छान." त्यांनी साहेबांच्या मनगटावर दोन बोटं ठेवून दाबली. हात धपकन खाली आला.

"अरे बापरे!" कुणीतरी म्हणालं.

मग त्यांनी लॅपटॉप आणि पोटाच्या मध्ये एक सोनेरी, गुबगुबीत गादी सरकवली. "आता शरीराला कवच मिळालं. लावा ताकद, साहेब!" पुन्हा दाबलं. हात जागचा हलला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"या अदृश्य लहरी तुमच्या पुढच्या पिढीवर घाला घालतात," तरंगसर आवाज खाली आणून म्हणाले. "पेशींचं स्पंदन बिघडतं. वंशवेल सुकते. आमचं कवच क्वांटम पातळीवर या लहरी उलट पाठवतं." उलट म्हणजे कुठे, शेजाऱ्याच्या पुढच्या पिढीवर का, हे कुणालाही विचारावंसं वाटलं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे हातपाय दाबून ताकद तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे त्यांची चलाखी मला लगेच कळली होती. पण मी काही तमाशा बघायला आले नव्हते. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा याच कंपनीत होता आणि आज तो कवचाचा 'अनुभव' सांगणार होता. म्हणून धाकटीने मला सोबत आणलं होतं.

तिला मूल हवं होतं. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. रक्त काढून झालं, सोनोग्राफ्या झाल्या, नळ्या मोकळ्या आहेत का ते बघणारी ती दुखरी तपासणीही झाली. कुठे काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता यजमानांची वीर्यतपासणी करा, त्यात टोचणं नाही की कापणं नाही. जावईबापूंनी आज करतो, उद्या करतो म्हणत ती लांबवली आणि मध्येच ही गादी घरात आणली.

तो उठला. "मी घरून काम करतो. आधी भीतीने लॅपटॉप टेबलावर ठेवायचो. कवच आल्यापासून दिवसभर मांडीवर असतो, बिनधास्त. मला तर आता तपासणीचीही गरज वाटत नाही."

धाकटीने मान खाली घातली. माझं डोकं फिरलं आणि मी उभी राहिले.

"सर, हे कवच लहरी अडवतं ना? मग तुमचा फोन त्यात नीट गुंडाळा. मी लावते."

नाइलाजाने त्यांनी गुंडाळला. त्यांच्या फलकावरचा नंबर मी फिरवला. गादीच्या आतून गाणं वाजायला लागलं.

"कवच फक्त वाईट लहरी अडवतं," तरंगसर हसून म्हणाले. "ताईंचा फोन चांगल्या भावनेने आला होता."

मला वाटलं, आता तरी लोक हसतील. पण कित्येक माना डोलल्या! मी कपाळावर हात मारून घेतला आणि गादी उचलून कॅन्टीनच्या काउंटरमागे गेले. एका कापडी पिशवीत भरायचं ते भरलं, तोंड बांधलं आणि परत आले.

"जावईबापू, या पुढे. लॅपटॉप पोटाशी, मध्ये ही पिशवी. आता लावा ताकद!" मी त्याचा हात दाबला. हात ताठ राहिला.

"बघा! कवच!" तरंगसरच ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी पिशवी सोडली. आतून ताटं पुसायची फडकी निघाली. मग काउंटरमागची खरी गादी आणून लॅपटॉपला लावली आणि काही न बोलता त्याचं मनगट दाबलं. हात खाली पडला.

"यात लहरींचा काही संबंध नाही," मी म्हणाले. "पहिल्यांदा हे बेसावध माणसाचं मनगट दाबतात. दुसऱ्यांदा 'ताकद लावा' म्हणून सावध करतात आणि गुपचूप कोपराजवळ दाबतात. दार कडेला ढकलून बघा, मग बिजागरीजवळ ढकलून बघा. तोच फरक आहे."

"मनात शंका असली की कवच काम करत नाही," असं पुटपुटत तरंगसरांनी सामान आवरायला घेतलं. तेवढ्यात मॅनेजरसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "हाताचं सोडा हो, मॅडम. पण गादी ठेवायला काय हरकत आहे? नुकसान तर नाही ना?"

या वाक्याने माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

"त्या लॅपटॉपखाली हात घाला, साहेब."

त्यांनी घातला आणि चटकन काढला.

"वायफायच्या लहरींचं ठाम उत्तर अजून कुणाकडे नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत ठेवलेल्या शुक्रजंतूंवर काही प्रयोगांत परिणाम दिसला. पण माणसाच्या शरीरात तसंच होतं, हे सिद्ध झालेलं नाही. उष्णतेचं मात्र माहीत आहे. शुक्रजंतू नीट तयार व्हायला थंडावा लागतो, म्हणून तर ते तयार करणारा अवयव शरीराच्या बाहेर असतो. तुमच्या या गादीने लॅपटॉपची हवा जायची भोकं बुजतात, तो आणखी तापतो. आणि कवच आहे म्हणून टेबलावरचा लॅपटॉप माणूस दिवसभर मांडीवर घेतो. हे नुकसान नाही तर काय आहे? शंका असेल तर लॅपटॉप टेबलावर ठेवा. फुकट आहे. आणि मूल होत नसेल तर दोघांनी डॉक्टरकडे जा. दोघांनी!"

थोडे लोक उठून गेले. थोडे तरीही तरंगसरांकडे गादीची चौकशी करत उभे राहिले. त्यांच्याशी भांडायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

बाहेर जिन्यापाशी धाकटीचा नवरा आम्हाला गाठून म्हणाला, "ताई, मलाही ते पूर्ण पटलं नव्हतं."

"मग कशाला मांडलं हे सगळं?"

"रिपोर्टमध्ये माझ्यातच काही निघालं तर? भीती वाटते मला."

उत्तर दिलं ते धाकटीने.

"मला वाटत नव्हती भीती? प्रत्येक वेळी त्या टेबलावर आडवी होताना हेच वाटायचं, माझ्यातच काही निघालं तर? तरी मी गेले. तू बाहेर गाडीत बसून असायचास."

तो पायरीवर बसला.

"गादीमागे किती वेळ लपणार आहेस? तेवढं माझं वय पुढे जातंय," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी जायचं. आणि मी गाडीत बसणार नाही, तुझ्यासोबत आत येणार आहे."