टाकीच्या वाटणीचा नारळ

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत सहज मावेन एवढी मी स्टेनलेस स्टीलची एक जुनी पट्टी आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजच्या एका कारखान्यात खिडकीच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या अंगावर एक तपकिरी डाग आहे. त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. का, ते ऐका.

एका मोठ्या टाकीच्या पत्र्यातूनच मला कापलं. अणुऊर्जेच्या कामातून उरणारा किरणोत्सारी कचरा साठवायची ती टाकी. एकदा भरली की कित्येक वर्षं माणसाने तिच्याजवळ फिरकायचं नाही, मग डागडुजी कुठली? ती गळून चालणारच नव्हतं. वेल्डिंग करून तिचे सांधे जोडणाऱ्या कडुबांनी तशाच सांध्याने माझे दोन तुकडे जोडले. फार तापवलं की सांध्याच्या कडेचं पोलाद कमजोर होतं आणि कचऱ्यातलं आम्ल तिथूनच कुरतडायला लागतं. म्हणून कडुबा थोडं जोडत, निवू देत, मग पुढे सरकत. बावीस वर्षांत त्यांच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

टाकीच्या वतीने परीक्षा मी दिली. तपासणीच्या रत्नमाला मॅडमनी मला उकळत्या नायट्रिक आम्लात दोन-दोन दिवस, असं पाच वेळा ठेवलं. दर वेळी वजन केलं. ते जवळजवळ घटलंच नाही.

"कडुबामामा, सांधा बावनकशी आहे," मॅडम म्हणाल्या. मी तर फुगूनच गेले. कागदांवर सह्या झाल्या, आणि टाकी रवाना होईपर्यंत मला तारेने तिच्या तोंडाशी बांधून ठेवलं.

मग खंडेनवमी आली. कडुबांनी गुलमंडीच्या बाजारातून नारळ आणला, कानाशी हलवून, भरपूर पाण्याचा. लेकीची पाठवणी असावी तसा त्यांचा जीव टाकीत गुंतला होता. त्यांनी तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाणी तिच्यावर न् माझ्यावर शिंपडलं. नारळाच्या पाण्यात क्षार असतात, हे त्या गडबडीत कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या अंगावर एक पातळ, न दिसणारं कवच असतं. त्याच्या जोरावर आम्ही गंजत नाही, पण असं क्षारांचं पाणी वाळून बसलं की ते फुटतं.

सुटी संपवून चौथ्या दिवशी कडुबा सगळ्यांच्या आधी आले. टाकीवर आणि माझ्यावर तपकिरी ठिपके होते. दुपारी ट्रक येणार होता. हातात फडकं होतंच. त्यांनी टाकीवरचा एक ठिपका पुसला. तो गेला, पण खाली टाचणीच्या टोकाएवढा काळा बिंदू उरला. कडुबा त्याच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मला भीती वाटत होती, की हे आता बाकीचेही पुसणार.

त्यांनी मला तारेतून सोडवलं आणि थेट मॅडमकडे नेलं.

"मॅडम, टाकीला डाग पडलेत. नारळ म्या फोडला. दुसऱ्या कुणाचं नाव नगा घेऊ."

"पुसले असते तर मला कळलंही नसतं, मामा."

"व्हय. पण तिकडं गेल्यावर तिच्यापाशी कुणालाच जाता येनार नाय. मंग हितंच सांगाया पाह्यजे ना."

मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. ठिपक्याखाली खरंच बारीक खड्डा पडला होता. ट्रक रिकामा परत गेला. आठ दिवस टाकीचा एकेक ठिपका घासला, धुतला, पुन्हा तपासला, आणि मगच ती रवाना झाली; मी मात्र इथेच राहिले. नोंदीत 'चूक कोणाची' या रकान्यात कडुबांनी स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहिलं. मित्रांनो, आम्लात मी टिकले, पण त्या माणसाइतकी भक्कम मी नाही.

पूजा बंद होणार म्हणून सगळे हिरमुसले होते. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पूजा करा, नारळही फोडा. फक्त टाकीच्या वाटणीचा या पट्टीवर."

तेव्हापासून दर खंडेनवमीला मी नटते. माझा डाग वाढतोय. यंदा कडुबा निवृत्त झाले. शेवटचा नारळ माझ्यावर फोडून त्यांनी डागावरून बोट फिरवलं. "लई सोसलंस बाई," म्हणाले.

मित्रांनो, वस्तूंना जपा, आणि चुकून डाग पडलाच तर तो झाकू नका, वेळेवर सांगा. आम्हाला बोलता येत नाही; आमच्या वतीने कुणा कडुबालाच बोलावं लागतं.

त्याच आठवड्यात आमच्या कारखान्यातली सातवी टाकी ट्रकवर चढली. तिच्यावर नारळाच्या पाण्याचा एक थेंबही नव्हता.