कोऱ्या सुताची लडी

मी तात्याबा रंगारी. सोलापुरात लुगड्याचं सूत पक्क्या रंगात हवं असलं की लोक माझ्या भट्टीवर येतात. एका लाल रंगातल्या सतरा छटा मला वेगळ्या दिसतात, अन् कुणी विचारलं नसलं तरी मी हे सांगतोच. माझी बायको गोजर म्हणते, "देवानं डोळे बरे दिले, पण तोंडाला झाकण द्यायला विसरला."

गेल्या साली आमच्या मोरीत मुंग्यांची जत्रा भरली. शिवयोगी डॉक्टरांनी लघवी तपासली अन् म्हणाले, "मधुमेह आहे. साखर, गूळ, भात बंद." बंद तर बंद! पण तुपाचं नाव त्यांनी काढलं न्हवतं. मग मी भाकरी तुपात बुडवूनच खाऊ लागलो. सकाळी वाटीभर, रातच्याला वाटीभर. साखरेवरचा राग तुपावर काढला म्हणा की.

मग पोटानं माझ्यावर राग काढला. दुपारची भाकर दिवे लागेपर्यंत पोटात धोंड्यासारखी बसून राहायची, अन् पहाटे अशी कळ यायची की कंदील घेऊन परसाकडं पळावं लागायचं. आमच्यात मागं वळून बघायची रीत न्हाय. तरी एका पहाटे कंदील खाली धरून बघितलं. पांढरं. खडूसारखं पांढरं!

माझा थोरला भाऊ रामहरी असाच गेला. आधी पांढरं झालं, मग डोळे पिवळे, अन् तीन महिन्यांत आटोपला. त्याच्या तिरडीला खांदा दिलाय मी. लई भ्यालो, खोटं कशाला सांगू?

डॉक्टरांकडं गेलो तर ते म्हणाले, "पांढरं म्हणजे कसं? दुधासारखं, राखेसारखं, का पिवळट?"

मला रागच आला. रंगाऱ्याला रंग तोंडानं विचारतात व्हय? आमच्या धंद्यात गिऱ्हाईक रंग सांगत बसत न्हाय, सुताची लडी आणून दावतं. मी तडक घरी आलो, पहाटेचा रंग नजरेत धरला अन् लडी रंगवायला बसलो. रंगवतोय काय डोंबल! कोरं सूत नुसतं धुतलं की झाला रंग. ती लडी कागदात गुंडाळून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, अन् वर मिशीवरनं हात फिरवला.

त्यांनी माझे डोळे बघितले, जीभ बघितली. "डोळे तर पिवळे नाहीत. पण रंग खरंच असा असेल, तर पित्ताची वाट तुंबलेली असणार. पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवून या."

'खरंच असा असेल तर' हे माझ्या कानात शिरलंच न्हाय. तात्याबाच्या नजरेवर शंका कोण घेणार?

घरी आलो अन् गोजरला समोर बसवलं. माझ्या पक्क्या लाल रंगाची कृती मी जन्मात कुणाला सांगितली न्हवती, तिलासुद्धा. शेवटच्या उकळीची वेळ आली की मी तिला पाणी आणायला धाडायचो. आता ती कृती माझ्यासंगं जळणार, अन् माझ्या माघारी ही खाणार काय? मी रडत रडत सगळं ओकलो. तुरटी किती, चिंचेचा कोळ किती अन् कधी. ती ऐकत होती. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "अवो, पण तुमी ते बघितलं कुटल्या उजेडात?"

"कंदिलाच्या."

"कंदिलात पिवळा अन् पांढरा एकच दिसतो म्हणून गड्यांना वीस वर्सं शिव्या कोण देतंय?"

शिव्या देणारा मीच की!

दुसऱ्या दिवशी ऊन वर येईस्तोवर कळ दाबून धरली. कशी धरली ते माझं मला ठाऊक. मग टमरेल घेऊन ओढ्याकडं गेलो अन् भर उन्हात बघितलं. फिकट पिवळं, वर तेलकट चकाकी. पांढऱ्याचा मागमूस न्हाय! एवढा आनंद मला पोरगं झालं तवाबी झाला न्हवता.

नवी लडी हळदीच्या पाण्यात बुडवून, वर तेलाचा हात फिरवून डॉक्टरांकडं नेली. ते चष्मा काढून हसले. म्हणाले, "पोटात जी ग्रंथी साखर आवरते, तीच तूप पचवायला रस देते. तुमची दोन्ही कामांत मागं पडलीय. वर तुम्ही वाट्या रिचवताय! न पचलेलं तूप तसंच बाहेर पडतंय. दिवसाला चमचाभर तूप, बास. पथ्य पाळलंत तर पुष्कळ जगाल."

जीव परत मिळाला, तसा स्वभावबी परत आला. गोजर भट्टीत लाकडं सारत होती. मी म्हटलं, "हे बघ, काल सांगितलेलं विसरून जा. मी काय मरत न्हाय."

ती हसली न्हाय. लाकूड सारत म्हणाली, "काल रडण्याच्या भरात तुमी चिंचेचा कोळ चार शेर सांगितलात. घालता अडीच. चिंचेचं मडकं मीच भरते, कमी किती झालं ते कळत न्हाय व्हय?"

"आँ! मग तुला ठाऊक होतं? इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगाल म्हणून वाट बघत होते की."

त्या दिवशी शेवटच्या उकळीला पाणी आणायला मी गेलो.