केतकी नावाची सून

पालघरजवळच्या माहीमच्या कृष्णकांत साव्यांनी सुनेचं नवं नाव मतदानाने ठरवलं. इतरांच्या घरी असल्या गोष्टी सासू ठरवते नाहीतर भटजी. कृष्णकांत पडले लोकशाही मानणारे. त्यांनी ‘सावे परिवार’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन नावं टाकली, केतकी, कादंबरी आणि कृपा, आणि पहिलं मत स्वतःच केतकीला दिलं, म्हणजे बाकीच्यांना निवड सोपी जावी. संध्याकाळपर्यंत केतकी दणदणीत बहुमताने निवडून आली. जिचं नाव ठेवायचं ती मुलगी ग्रुपवर नव्हती. लग्न व्हायचं होतं अजून. त्याआधी परक्या मुलीला घरच्या ग्रुपवर घेणं बरं दिसलं नसतं.

मुलीने, म्हणजे मेघालीने, आधीच सांगून ठेवलं होतं. बोईसरच्या एका औषध कंपनीत ती प्रयोगशाळेत होती. साखरपुड्याच्या दिवशीच ती म्हणाली होती, “बाबा, मला माझं नाव आवडतं. मी बदलणार नाही.”

“बदलू नकोसच!” कृष्णकांत सभेत म्हणावं तसं म्हणाले. “कागदावर एक अक्षर हलवायचं नाही. आधार, पॅन, बँक, सगळीकडे मेघाली. आमचं घर पुढारलेलं आहे. हे आपलं घरातल्या घरात, हाक मारायला.”

“हाक मेघाली म्हणूनही मारता येईल की.”

“येईल ना! पण तांदळात लिहायला काहीतरी हवं की नको?”

सगळ्यांनी नवऱ्या मुलाकडे पाहिलं. केदार मोबाइलमधून मान वर करून म्हणाला, “मला काय, दोन्ही नावं छान आहेत.” तो तारापूरच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. धोक्याच्या जागेपासून किती लांब उभं राहायचं, हे शिकवण्याचाच त्याला पगार मिळत होता.

“ठीक आहे,” मेघाली म्हणाली, “तुमची हौस आहे तर लिहा. मी मेघालीच राहणार.”

“राहा की!” कृष्णकांत म्हणाले. आपण किती मोठ्या मनाने परवानगी दिली, हे त्यांनी पुढे चार ठिकाणी सांगितलं.

त्यांच्या बायकोला, मंदाबाईंना, नावाशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांना माणूस हवं होतं. वैतरण्याला राहणारी त्यांची धाकटी बहीण सुलू गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आली होती. नवरा नाही, मूल नाही. शेजारीण डबा द्यायची तेवढंच. सुलू रोज फोन करायची, “ताई, येतेस ना गं?” आणि मंदाबाई रोज म्हणायच्या, “येते बाय, सून घरात येऊं दे.” कारण कृष्णकांतांना सकाळचा चहा झोपाळ्यावर लागे, नाश्ता गरम लागे आणि दुपारचं वरण ताजं लागे. बोईसरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला हा माणूस गावच्या वाचनालयाचा अध्यक्ष होता. दर आठ मार्चला तो समानतेवर बोले. भाषणाची तालीम घरी होई. मंदाबाई खाली बसून बोंबील साफ करीत, आणि कृष्णकांत त्यांच्या डोक्यावरून मागच्या केळींना उद्देशून म्हणत, “भगिनींनो, उंबरठा ओलांडा!” बोंबील हातात असताना उंबरठा कसा ओलांडायचा, ते भाषणात नसे.

लग्न झालं. गृहप्रवेश झाला. ताटात तांदूळ पसरले, केदारने सोन्याच्या अंगठीने ‘केतकी’ लिहिलं, पेढे वाटले गेले, टाळ्या झाल्या. पाहुणे जेवायला वळल्यावर मंदाबाईंनी ताट उचललं आणि तांदूळ पिंपात परत ओतले. चांगला वाडा कोलम होता, वाया कशाला घालवायचा?

दुसऱ्या दिवशी मनोरहून आलेल्या रखमावन्सं, म्हणजे कृष्णकांतांची थोरली बहीण, ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या. समोर मेघाली केस वाळवत होती.

“केतकी, पाणी आण गं.”

कोणी हललं नाही.

“केतकी! अगो केतकी!”

मेघालीने दाराकडे पाहिलं, मागच्या वाडीकडे पाहिलं. “आत्या, केतकी कोण? पाहुण्यांपैकी आहेत का?”

“आता गो बाय! तूच की!”

“मी मेघाली. तुम्हाला पाणी हवंय का? आणते ना.” आणि ती ताडकन उठून थंडगार पाणी घेऊन आली, वर गुळाचा खडासुद्धा. तक्रार करावी तर कशाची, हे रखमावन्संना पाणी पिऊन झालं तरी सुचेना.

कृष्णकांत मध्ये पडले. “अगं, काल नाव ठेवलं ना? तांदळात लिहिलं.”

“हो बाबा, ठेवलंत. ते तांदूळ आईंनी पिंपात ओतले. केतकी तिथे असेल.”

रखमावन्सं पदराआड हसल्या. कृष्णकांतांनीही हसून घेतलं. पुढारलेल्या घरात विनोद खपवून घेतात.

पण तो विनोद नव्हता. पोरीने त्यांचा शब्दच धरला होता. लग्नात सासऱ्यांनी जे नवं माणूस घरात आणलं ती केतकी, आणि केदारबरोबर जी आली ती मेघाली, असा तिने साधा सरळ हिशोब मांडला. मेघालीच्या वाट्याचं ती चोख करायची. सकाळी कंपनीची बस असल्याने तिला जमायचं नाही, ते तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. संध्याकाळचा स्वयंपाक मात्र तिचा आणि केदारचा. केदार कांदा चिरायचा, तोही कारखान्यातला सुरक्षेचा चष्मा लावून. “डोळ्यांना इजा होता कामा नये,” असं तो म्हणायचा आणि मंदाबाई तोंड फिरवून हसायच्या.

त्यापलीकडचं सगळं केतकीकडे गेलं.

“संकष्टी कोण धरणार?” कृष्णकांत विचारत.

“केतकी धरेल ना बाबा.”

“पाहुण्यांसमोर साडीत असलं की बरं दिसतं, सक्ती नाही.”

“केतकीला छान दिसेल.”

“पहाटे उठून दारात सडा-रांगोळी, घराला शोभा येते.”

“केतकीला सांगून ठेवते.”

गंमत अशी की कृष्णकांतही हळूहळू केतकीबद्दल ती वेगळी बाई असल्यासारखं बोलू लागले. “केतकीने असं केलं नसतं,” असं ते रागाने मंदाबाईंना सांगत. केतकी इतकी आज्ञाधारक, इतकी कामसू, इतकी हसतमुख होती, की तिच्यापुढे कुठलीही जिवंत सून उणी पडली असती. दोष एवढाच की ती घरात सापडत नसे. आणि जे केतकीने करायचं, ते सापडणाऱ्या बाईला करावं लागे. पहाटेचा चहा मंदाबाईच करीत, रांगोळीही त्याच घालीत.

सुलूने फोनवर विचारलं, “सून आली ना? मग कवा येतेस?”

“केतकी लागली कामाला की येते.”

“केतकी कोण? तुझ्या सुनेचं नाव मेघाली ना गं?”

“ते जरा गुंत्याचं हाय,” मंदाबाई म्हणाल्या. पलीकडून सुलू हसलीच नाही. “शेजारीण गावाला चाललीय, ताई,” ती म्हणाली. “सोमवारपासून डबा नाय.”

रविवारी घावन होते. मंदाबाई तव्यापाशी, बाकी तिघं टेबलाशी, आणि वाद पेटलेला.

“मी स्त्रीवादी आहे,” कृष्णकांत म्हणत होते. “अख्ख्या माहीमात माझ्याइतका स्त्रीवादी माणूस दाखव. पण…”

“बाबा, आधीचं मी ऐकलंय. ‘पण’च्या पुढचं सांगा.”

“पण घराला एक बाई लागते.”

“कशासाठी?”

“घरपण यायला!”

“म्हणजे नक्की कोणतं काम?”

“हे बघ, तुम्ही शिकलेल्या मुली सगळ्याचं काम करून टाकता. ते काम नसतं, ती माया असते.” त्यांनी ताटली पुढे केली, मंदाबाईंनी तीत घावन टाकला. “मंदाला विचार. तिने कधी काम म्हणून केलंय?”

“तेच तर! दिसतच नाही कुणाला बाईचं काम,” मेघाली तावातावाने म्हणाली आणि तिनेही ताटली पुढे केली.

“मला दोघांचंही पटतं,” केदार म्हणाला. “आई, माझा जरा कुरकुरीत काढ.”

मंदाबाईंनी उलथनं थांबवलं. वाद बाईच्या कामाचा होता आणि दोन्ही पक्षांना भूक लागली होती. हे त्यांना बोलून दाखवायचं नव्हतं. पण घावन वेळेवर उलटला नाही आणि करपल्याचा वास सुटला. त्या वासाने मेघालीने मान वळवली. हातातल्या ताटलीकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं, आणि कानापर्यंत लाल झाली.

“आई, उठा तिथून. बसा तुम्ही. मी घालते.”

तिचा पहिला घावन तव्याला चिकटला, दुसऱ्याचा नकाशा झाला. पण मंदाबाई खुर्चीत बसल्या होत्या, हातात काही नव्हतं, आणि बसल्यावर माणसाला बोलायचं सुचतं.

“अहो, मी म्हणते, सुलूकडं जाऊन येते. पोरगी एकटी पडलीय.”

“जा की!” कृष्णकांतांनी हात पसरले. “मी कधी अडवलंय तुला? उद्या जा, महिनाभर राहा. बाईला स्वतःचं आयुष्य असतं. फक्त घराचं काय ते बघून जा.”

इतकी वर्षं मंदाबाई याच वाक्याला अडत आल्या होत्या. वाक्याचा पुढचा भाग दार उघडायचा आणि मागचा कडी लावायचा. आज त्यांनी कडीलाच हात घातला.

“घराचं केतकी बघेल.”

तव्यापाशी मेघालीचा हात थांबला. तिने सासूकडे पाहिलं. सासूने तिच्याकडे पाहिलं नाही. त्या टेबलावरचं चटणीचं झाकण लावत होत्या. मग मेघाली पुन्हा पीठ ढवळू लागली, जरा जास्तच जोरात.

कृष्णकांत मात्र खुलले. “बघ! मी म्हटलं नव्हतं? नाव अंगवळणी पडायला वेळ लागतो. केतकी बघेल. छान. झालं तर मग!”

“म्हणजे जाऊं मी? नक्की?”

“अगं, शब्द दिला ना. दोघांच्या देखत.”

सोमवारी केदारने आईला पालघर स्टेशनला सोडलं. मंदाबाईंनी एकच पिशवी घेतली आणि घराची किल्ली कुणाला दिली नाही. घरात माणूस होताच.

त्या सुलूच्या घरी पोचल्या, तिचा पाय उशीवर नीट ठेवला, तेवढ्यात फोन वाजला.

“मंदा, चहा नाही झालेला.”

“केतकीला सांगा.”

“ती बसने गेली!”

“ती मेघाली गेली. केतकी घरातच असेल, नीट बघा.”

“हा काय पोरखेळ आहे?”

“मी कुठं आणली तिला? तुमीच निवडून आणलीत,” मंदाबाई म्हणाल्या आणि सुलूला गरम पाण्याने पाय शेकायला बसल्या.

मंगळवारी फोन आला नाही. बुधवारी केदारने सांगितलं की बाबा नाक्यावर चहा घेतात आणि दुपारी खारी खातात. मेघालीने संध्याकाळचं थोडं जास्त करून फ्रीजमध्ये ठेवायची तयारी दाखवली, तर शिळं खात नाही म्हणाले. मंदाबाईंनी खुंटीवरची पिशवी काढली. नाय म्हटलं तरी सवयीचं माणूस. ती भरायलाही घेतली. मग सुलू भिंतीला धरून पहिल्यांदा एकटी न्हाणीपर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “ताई, बघितलंस?” पिशवी परत खुंटीला लागली.

गुरुवारी केदारने पुढचं सांगितलं. नाक्यावर वाचनालयाच्या चिटणीसाने सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, “काय अध्यक्ष, घरी नवी सून आणि तुम्ही टपरीवर?” कृष्णकांतांना काय उत्तर द्यावं? सून करत नाही म्हणावं, तर आठ मार्चला बोलायचं काय? मी करत नाही म्हणावं, तरी आठ मार्चला बोलायचं काय? बायको माहेरच्या माणसांत गेली म्हणावं, तर लोक भलताच अर्थ लावणार. ते अर्धा चहा तसाच सोडून घरी आले, असं केदार म्हणाला. त्यानंतर नाक्यावर ते कुणाला दिसले नाहीत.

शनिवारी सकाळी फोन वाजला. मंदाबाईंचे हात पिठात होते, म्हणून सुलूने स्पीकर लावून मध्ये ठेवला. पलीकडे कुकरची फुसफुस ऐकू येत होती आणि काहीतरी खाली पडल्याचा आवाज.

“हॅलो. वरणाला शिट्ट्या किती करायच्या?”

मंदाबाईंनी आवाज ओळखला. अर्थातच ओळखला. पीठ मळता मळता त्यांनी विचारलं, “कोण बोलतंय?”

“कोण म्हणजे? मी!”

“मी कोण? वरणाचं मला केतकीशिवाय कोण विचारणार? ती नसेल तर ठेवते मी फोन.”

पलीकडे बराच वेळ नुसता कुकर बोलत राहिला. एक शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी होणार की काय या धास्तीने असेल, पण आवाज आला, खालचा, घसा खाकरून:

“केतकी.”

“हां, बोल गं. चार कर आणि गॅस बारीक कर. हिंग घातलंस का?”

“नाही.”

“घाल फोडणीत. आणि चहाचं भांडं लगेच विसळायचं, नायतर डाग पडतो.”

“बरं,” आवाज म्हणाला आणि फोन ठेवला गेला.

सुलूने कपाळाला आठ्या घालून विचारलं, “सुनेचा आवाज बसलाय का गं?”

“चुलीपाशी उभी हाय ना सकाळपासून.”

“कामाला बरी हाय का पण?”

मंदाबाईंनी पिठाचा गोळा उलटा केला, वरून तेलाचं बोट फिरवलं.

“शिकतेय,” त्या म्हणाल्या. “मी राहते अजून पंधरा दिवस. तिचा हात बसूं दे.”