घटात बसवलेला फोन

नवरात्रातल्या पाचव्या माळेच्या संध्याकाळी नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या सुलाबाईंनी आपला फोन कपाळाला लावला, डोळे मिटले आणि बोटाने पडदा वर सरकवला. फोनमध्ये कारभारीअण्णा हात जोडून उभे. पुन्हा सरकवला, तर अण्णा गाईला चारा घालताना. आणखी सरकवला, तर अण्णा गटार साफ करवून घेताना, तेही हसतमुखाने. सुलाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कुणी पाठवलं नव्हतं, त्यांनी शोधलं नव्हतं, अण्णा आपोआप प्रकटले होते. आणि हेच अण्णा आमच्या वॉर्डातून महापालिकेला उभे राहणार होते.

व्यासपीठावर संकेतनाथ महाराज मंद हसत बसले होते. अंगात भगवी कफनी, मनगटावर स्मार्ट घड्याळ. "पूर्वी आई फुलातून कौल द्यायची," ते म्हणाले. "आता भक्त फुलाकडे बघतच नाहीत, फोनकडे बघतात. मग आईने बोलायचं कुठून? ज्याच्या फोनात जो आपोआप येईल, तो आईचा माणूस."

अर्ध्या हॉलने माना डोलावल्या. उरलेला अर्धा हॉल तेव्हा फोनकडेच बघत होता.

विधी सोपा होता. आपल्याकडे नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात आणि ते कसं उगवतं त्यावरून पिकाचा अंदाज बांधतात. महाराजांनी त्यात फोन बसवला. घटस्थापनेला त्यांनी प्रत्येकाच्या फोनवर देवीच्या स्तोत्राचा एक छोटा व्हिडिओ लावून दिला. रोज सकाळ-संध्याकाळ तासभर फोन घटाशेजारी ठेवायचा, स्तोत्र संपलं की आपोआप पुन्हा सुरू होऊ द्यायचं, मध्ये हात लावायचा नाही. मग पडदा सरकवून पुढे काय 'उगवलं' ते बघायचं. बँकेत मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले दिनेशराव तर फोनला हळदकुंकू वाहायचे. जन्मभर प्रत्येक कर्जदाराची खोदून खोदून चौकशी केलेला हा माणूस.

आमच्याही घरी फोन बसला होता. देवाधर्माचं खातं माझ्या बायकोकडे, सुमनकडे. माझ्याकडे चहा आणि टीका. घटाला पाणी घालताना थेंब उडेल म्हणून तिने फोनला प्लास्टिकची पिशवी घातली आणि चार्जरची वायर नंदादीपाच्या बाजूने ओढून घेतली. देवीला शॉक बसेल, असं मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कप घेऊन गॅलरीत गेलो.

माझी गंमत संपली ती निकिता आली तेव्हा. निकिता सुमनच्या भावाची मुलगी. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून ती आत्याच्याच हाताखाली वाढली. याच वॉर्डातून तीही अपक्ष म्हणून उभी राहणार होती. पाण्यासाठी, रस्त्यावरच्या दिव्यांसाठी कॉलनीतल्या बायकांना घेऊन ती महापालिकेचे उंबरे झिजवत आली होती. प्रचाराला निघण्याआधी आत्याने ओवाळावं, एवढ्यासाठी ती आली. सुमन स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. पोरगी बराच वेळ बसली, मग मला नमस्कार करून निघून गेली.

मी आत जाऊन कारण विचारलं, तेव्हा सुमनने फोन पुढे केला. पडद्यावर निकिताचा फोटो, खाली लाल अक्षरं आणि कुणा अनोळखी माणसाचा आवाज: निवडून आली तर ही बाई कॉलनीतलं देवीचं मंदिर पाडून तिथे गाड्यांचा तळ करणार.

"निकिता असं करेल?" मी विचारलं.

"मलाही आधी खोटंच वाटलं," ती डोळे पुसत म्हणाली. "पण आई सारखं सारखं तेच दाखवतेय. खोटं असतं तर एवढ्यांदा दाखवलं असतं का?"

जिला घास भरवून वाढवलं, तिच्याशी वैर धरून माझी बायको रोज आरती करत होती आणि रोज रडत होती. मला त्या महाराजाचा असा संताप आला की चहाही बेचव लागू लागला. पण संतापून उपयोग नव्हता. मी महाराजाला भोंदू म्हटलं असतं, तर सुमन मलाच नास्तिक म्हणून गप्प झाली असती.

तेवढ्यात मला तेल आठवलं. मागे एकदा गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात बघत मी फोन हातात धरूनच पेंगलो होतो. पुढे कितीतरी दिवस फोनमध्ये तेलंच तेलं येत होती. तेव्हा कुठल्या देवाने मला तेलाचा कौल दिला नव्हता.

सहाव्या माळेला मी आंघोळ करून सोवळं नेसलो आणि माझाही फोन बसवणार असं जाहीर केलं. सुमनचा चेहरा उजळला. मी घोटीच्या बाजारात म्हैस विकणाऱ्या एका माणसाचा व्हिडिओ लावला, आवाज बंद केला आणि फोन तिच्या फोनशेजारी पालथा न घालता नीट उभा ठेवला. दसऱ्यापर्यंत रोज तोच घट, तोच दिवा, तीच वेळ. मीही मध्ये हात लावला नाही.

दसऱ्याला शेवटच्या कौलासाठी हॉल पुन्हा भरला. मी पुढे जाऊन महाराजांच्या हातात फोन दिला आणि नम्रपणे म्हणालो, "मलाही कौल आलाय, अर्थ तेवढा सांगा."

महाराजांनी पडदा सरकवला. काळीभोर मुऱ्हा म्हैस. पुन्हा सरकवला, जाफराबादी. मग सरकी पेंडेचे फायदे, मग धार काढायचं यंत्र. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"महिषासुर," महाराज गंभीरपणे म्हणाले. "आई अण्णांच्या विरोधकांचं खरं रूप दाखवतेय."

"महाराज, ही तर दोन्ही वेळचं भरपूर दूध देते," मी म्हटलं. "महिषासुर दूध द्यायचा का?"

मग मात्र हॉल खदखदून हसला. हसू ओसरल्यावर मी सगळं सांगितलं: गुडघ्याचं तेल, म्हशीचा व्हिडिओ, घरचा घट. फोनला भक्ती कळत नाही. आपण कशापाशी किती वेळ थांबलो, एवढंच कळतं, आणि मग तो त्याच दुकानातला पुढचा माल काढून दाखवतो.

"पण आम्ही तर स्तोत्र लावलं होतं," सुलाबाई म्हणाल्या. "त्यातून अण्णा कसे येतील?"

याचं उत्तर सुमनने दिलं. ती उठली, आपल्या फोनवर स्तोत्र लावलं आणि त्याच्या वरच्या नावावर बोट दाबलं. ज्या पानावरून ते स्तोत्र आलं होतं, ते अख्खं पान उघडलं. सगळ्यात वर देवी. तिच्याखाली अण्णा, अण्णा, अण्णा, आणि अधूनमधून लाल अक्षरांत निकिता.

"महाराज, हे पान आईचं की अण्णांचं?" तिने विचारलं. विचारून ती खाली बसली नाही.

महाराजांना वणीचा एक तातडीचा कार्यक्रम आठवला. बाजूच्या दाराने ते ज्या गाडीत बसले, तिच्या मागच्या काचेवर अण्णा हात जोडून हसत होते.

हॉलमधून सुमन घरी आलीच नाही. तिथलंच ओवाळणीचं ताट आणि आपट्याची पानं घेऊन ती थेट निकिताकडे गेली, मी मागोमाग. दारातच तिने विचारलं, "मंदिर पाडणार आहेस का गं?"

"आत्या, त्या मंदिराच्या ओट्यावर तू मला चालायला शिकवलंस," निकिता म्हणाली. "मला एकदा विचारायचं होतंस ना."

सुमनने तिला ओवाळलं. दोघीही रडल्या, आणि खरं सांगायचं तर मीही रडलो.

परत येताना मी जरा छाती काढूनच चालत होतो. सुमनने माझा फोन मागितला. "म्हशींच्या आधी इथे काय यायचं, ते मी बघितलंय," ती म्हणाली. "सगळे तुमच्यासारखंच बोलणारे आणि बाकीच्यांना मूर्ख म्हणणारे. अहो, तुमच्या फोनातला तो घट कुणी मांडला होता?"

मी काढलेली छाती आत घेतली.

तेव्हा मंडळी, पूजा मनोभावे करा, फोनही खुशाल वापरा, पण एकाला दुसऱ्यात बसवू नका. जे पुन्हा पुन्हा दिसतं ते खरंच असतं असं नाही. पुन्हा पुन्हा दिसतं, एवढंच त्यातलं खरं. मत तुमचं आहे, बनवण्याआधी जरा चौकशी करा, आणि माणसाबद्दल काही कळलं तर आधी त्या माणसाला विचारा. निकिता आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. तेवढं चालून जायला आमच्या घराला दसरा उजाडावा लागला.