दोन यामना

"लल्ला यामना, तुमचं वय नक्की किती?" साहेबांनी विचारलं. साहेब म्हणजे आमचे ग्रंथपाल सी मफद्दल; आमच्याकडे बाईला मानाने लल्ला म्हणतात, पुरुषाला सी. एका हातात फ्रान्सहून आलेलं पत्र, दुसऱ्यात यामनाच्या पासपोर्टाची प्रत.

"त्रेचाळीस."

"मग इथे सेहेचाळीस कसं?"

मी शेजारच्या टेबलावर पुस्तकांना शिक्के मारण्याचं सोंग करत होते.

आमच्या ताझा शहराच्या नगर वाचनालयात यामना एकवीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी करते. पदवी इतिहासाची, ग्रंथालयाचं रीतसर शिक्षण नाही, म्हणून हुद्दा अजून मदतनिसाचाच. चौथ्या अर्जाला यश आलं आणि यंदा फ्रान्समधल्या नऊ महिन्यांच्या प्रशिक्षणाला तिची निवड झाली. परत आली की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र आलं की ग्रंथपालाचा हुद्दा. अट एकच होती, वय पंचेचाळीसच्या आत. तिने अर्जात जन्मसाल लिहिलं १९८१, पासपोर्टात होतं १९७८. वीस दिवसांत दुरुस्त दाखला पाठवा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल, असं पत्रात होतं.

पुढची उमेदवार मी. माझं नाव हाजर, वय सत्तावीस. खोटं कशाला बोलू, ते ऐकून माझ्या मनात उकळ्या फुटल्या. लाज नंतर वाटली.

"अहो, पासपोर्टातलं साल लिहायचं ना!" साहेब म्हणाले.

"मग अर्जच बाद झाला असता."

"म्हणजे वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो."

"साहेब, एकाच नावाचे दोन लेखक आले की त्यांची जन्मसालं शोधून मी वेगळी कार्डं करते. आठ-आठ दिवस शोधते. स्वतःचंच चुकीचं कसं लिहू?"

भानगड तशी साधी होती. आमच्या डोंगरातल्या गावांत पूर्वी हे सर्रास चालायचं. यामनाच्या आधी एक मुलगी झाली, तिचंही नाव यामना. दीड वर्षाची होऊन ती हिवाळ्यात गेली. मृत्यू नोंदवायला दिवसभर चालत कचेरीत कोण जाणार? पुढच्या वर्षी ही झाली. बाप म्हणाला, नाव तेच ठेवू, पहिलीच्या जन्माचा कागद आहेच. त्या कागदावर ही शाळेत गेली, नोकरीला लागली.

दुरुस्तीसाठी अदूलसमोर, म्हणजे दस्त करणाऱ्या नोटरीसमोर, बारा साक्षीदार लागतात. त्यांचा दस्त कोर्टाला पुरतो. यामनाच्या अल्लाल मामाने बाजाराच्या दिवशी बारा म्हातारे जमवले. त्यांना गावाहून आणायला गाडी माझ्या भावाची, म्हणून मीही गेले. यामनाची आईही आली, कोपऱ्यात बसली.

अदूलने लेखणी उचलली. "पहिली यामना कधी वारली?"

"कुठली पहिली?" आई म्हणाली. "माझी यामना ही काय समोर बसलीय."

मामा कासावीस झाला. "अगं ताई, आपण दोघांनीच पुरलं ना तिला?"

"पुरलं. ती जागा धरणाच्या पाण्यात गेली. आता तिचा म्हणून एक कागद उरलाय. त्यावरही 'मेली' लिहायचं? मी नाही म्हणणार."

"यम्मा," यामना आईकडे वळली, "मग मी कोण? शाळा तिची, नोकरी तिची, पासपोर्ट तिचा. माझं काय आहे गं?"

"तू आहेस ना. धडधाकट आहेस. तिला कोण आहे?"

म्हातारे चहाच्या पेल्यांत बघत राहिले. अदूल खाकरला. "हे बघ बाई, बारा साक्षी पुरतात. आईच्या होकारावाचून अडत नाही. बोल, लिहू?"

सगळे तिच्याकडे बघत होते. मीही मनात देवाला साकडं घालत होते. कशासाठी, ते विचारू नका.

यामनाने आईकडे पाहिलं. आईने डोक्यावरचा रुमाल डोळ्यांवर ओढून घेतला होता.

"लिहू नका," यामना म्हणाली.

मामा चिडला. "बारा माणसांचा दिवस फुकट घालवलास!" ती उठली आणि प्रत्येकाचे आभार मानत दारापर्यंत पोचवायला गेली. दुसऱ्या दिवशी कामावर आल्यावर तिने स्वतः माझ्या नावाचं शिफारसपत्र लिहून साहेबांपुढे ठेवलं. पुढचे तीन महिने रोज दुपारी मला शिकवलं. एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी यामनाच्या घरी निरोपाला गेले. आई अंगणात हिरवी ऑलिव्हं दगडाने ठेचत होती. यामनाने पिशवीतून नोंदीचं एक कार्ड काढलं. वाचनालयातलंच, खाली भोक असलेलं.

"यम्मा, हे घे."

"मला कुठं वाचता येतं? काय लिहिलंय?"

"यामना. जन्म १९७८, मृत्यू १९८०. सरकारात कुठे नाही हं. फक्त आपल्या घरात."

आईचा हात थांबला. बोटं कपड्याला पुसून तिने कार्ड घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, मग छातीशी, कपड्याच्या आत सरकवलं. पुन्हा ठेचायला लागली. मला वाटलं, संपलं.

चार-पाच ऑलिव्हं झाल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "आणि तुझं कार्ड कुठंय?"

त्रेचाळीस वर्षांत आईने यामनाला पहिल्यांदाच वेगळं मोजलं होतं.

मी चहा तसाच ठेवून उठले. माझ्या पर्समध्ये विमानाचं तिकीट होतं, आणि त्यावर नाव माझं होतं.