ओट्याखालचा खण

स्वयंपाकघरात ओट्याखाली, अगदी जमिनीला टेकलेला जो खण दिसतो ना, तो मी. माझ्या कडेला चार खिळ्यांची भोकं आहेत. ती कशाची, हेच आज सांगायचं आहे.

मित्रांनो, मला या घरच्या आजोबांनी बनवलं. ते सुतार. थोरला नातू रांगायला लागला तेव्हा त्यांनी मला मुद्दाम जमिनीलगत बसवलं, आणि आत मागच्या बाजूला दोन लाकडी ठोकळे मारले. त्यामुळे मी कधीच पुरता बंद होत नसे. दोन बोटांची फट उरायची. "पोराची बोटं सुटायला जागा पाहिजे," असं ते सुनेला म्हणाले होते.

सूनबाईंनी माझ्यात झाकणं, वाट्या, लाकडी डाव, फाटकी गाळणी आणि कापडाचे तुकडे भरले. रोज सकाळी त्या गुपचूप एक वस्तू काढायच्या आणि एक नवी ठेवायच्या. थोरला येऊन बसला की तासभर हलायचा नाही. सगळं बाहेर काढायचं, सगळं आत टाकायचं, वाटीवर झाकण बसत नसलं तरी हट्टानं बसवायचं. आवाजानं कान किटायचे, पण कोणी कुरकुरलं नाही. "या खणाच्या जिवावर माझा स्वयंपाक होतो," असं सूनबाई आल्यागेल्याला सांगत. मी फुशारून जायचो. खोटं कशाला बोलू?

थोरला शाळेत जाऊ लागला. धाकटी झाली. ती वर्षाची झाली तेव्हा स्वयंपाकघराला नवा रंग लागला, वरच्या कपाटांना नवी दारं आली. आजोबा त्या महिन्यात लेकीकडे गेले होते. त्यांच्या मुलाला माझी फट खुपू लागली. "सगळं कसं एका रेषेत आहे, आणि हा एकटा तोंड वासून," असं म्हणून त्यानं वडिलांचीच पटाशी घेतली आणि दोन्ही ठोकळे उडवले. मी पहिल्यांदाच पुरता बंद झालो. तो मागे सरकून बघत राहिला, खूश होता.

चौथ्या दिवशी धाकटीनं माझी कड धरली आणि पोटानं मला ढकललं.

तिचं रडणं मी विसरू शकत नाही. बोटाचं हाड वाचलं, नख गेलं. बापाला काही सुचेना, त्यानं खिशातला फोन काढून तिच्यापुढे धरला. पोर हुंदके देत देत गप्प झाली. त्या दिवसापासून ती रडली की फोन, जेवली नाही तर फोन, सूनबाईंना भांडी घासायची असली तरी फोन. मला खिळे ठोकले गेले. आणि ती माझ्याजवळ आली की बाप म्हणायचा, "तिकडे नको, चावतो तो."

आजोबा परत आले. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या खणानं पोरीचं बोट चेचलं." ठोकळ्यांबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. माझी फट नाहीशी झालेली आजोबांना दिसली. ठोकळे निखळले असतील, आपल्याच कामात चूक झाली, असं त्यांनी धरलं. हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली. शेजारणीनं स्टूल दुरुस्तीला आणलं, तर म्हणाले, "माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही." मला सगळं ठाऊक होतं, पण खणाला कुठलं आलंय तोंड?

आठ महिने गेले. एका दुपारी सूनबाई कामावर होत्या, तेव्हा आपलं नेमकं कुठे चुकलं ते बघायला आजोबांनी माझे खिळे उपटले. मला ओढून बाहेर काढलं आणि आत हात घातला. ठोकळ्यांच्या जागी पटाशीचे वेडेवाकडे घाव त्यांच्या बोटांना लागले. ठोकळे निखळले नव्हते, कोणीतरी उडवले होते.

संध्याकाळी मुलगा आला. "ठोकळे तू काढलेस?"

"वाईट दिसत होते, बाबा."

"सांगायचं तरी होतंस. मी आठ महिने माझ्या हातांना शिव्या दिल्या."

"झालं ते झालं. आता उगाळत बसू नका," असं म्हणून मुलगा बाहेरच्या खोलीत निघून गेला.

आजोबांनी नवे ठोकळे मारले. माझ्यात वाट्या भरल्या. धाकटीसमोर स्वतःची बोटं कडेवर ठेवून मला ढकललं आणि बोटं सुखरूप हलवून दाखवली. तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले. "चावतो," ती म्हणाली. मग फोनसाठी भोकाड पसरलं, आणि बाहेरून बापानं तो आणून दिला.

आता रोज सकाळी आजोबा एक नवी वस्तू ठेवतात आणि माझ्याशेजारी बसून राहतात. धाकटी फिरकत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी लहान भावंडं असतील. त्यांना खेळायला वाट्या द्या, झाकणं द्या, शेजारी बसा. आणि कधी लागलंच, तर वस्तूला दोन फटके मारून मोकळे होऊ नका, चूक कोणाची होती ते त्यांना खरं सांगा. आमच्या धाकटीला ते अजून कोणी सांगितलेलं नाही.